मशीन नंतर, आधी खोली बघा

“काका, गरम होतंय आणि बंद पडतंय” अशी तक्रार घेऊन कोणी दुकानात आलं की माझा पहिला प्रश्न असतो, “ठेवलंयस कुठे?” गिऱ्हाइकाला हा प्रश्न आवडत नाही. त्याने पिशवीतून मशीन काढून काउंटरवर ठेवलेलं असतं. मी स्क्रू ड्रायव्हर उचलावा, झाकण उघडावं आणि एखादा जळका भाग चिमट्यात धरून त्याला दाखवावा, अशी त्याची अपेक्षा असते. आणि मी विचारतो खोलीला खिडक्या किती, कौलं आहेत की स्लॅब.

रत्नागिरीत मारुती मंदिर परिसरात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. इन्व्हर्टर, यूपीएस, लॅपटॉप, बोटीवरचे वायरलेस आणि फिश फाइंडर, जे येईल ते उघडतो. २०२० च्या लॉकडाउनमध्ये मुंबई-पुण्याची आयटीतली पोरं घरून काम करायला गावी आली, तेव्हा या यादीत बिटकॉइन आणि इथेरियम ‘खणणारी’ मशीनं येऊन बसली. आता ती लाट ओसरली आहे, पण मशीनं गावातच राहिली. कोणी ती विकायला काढतं, कोणी पुन्हा सुरू करून बघतं आणि ती तापली की माझ्याकडे येतं.

हे खणणं म्हणजे काय, ते आधी थोडक्यात. बिटकॉइनच्या व्यवहारांची वही जगभरातल्या हजारो संगणकांवर एकाच वेळी लिहिली जाते. साधारण दर दहा मिनिटांनी तिला एक नवं पान जोडलं जातं. ते पान जोडण्याचा मान कोणाला, हे एका आकड्यांच्या शर्यतीवर ठरतं. मशीन एक आकडा घेतं, गणित करतं, उत्तर अटीत बसतं का बघतं आणि नाही बसलं तर पुढचा आकडा घेतं. यात हुशारी काही नाही, निव्वळ रेटा आहे. ज्याचं उत्तर आधी बसेल त्याला नवे बिटकॉइन मिळतात. २० एप्रिल २०२४ पासून हे बक्षीस एका पानामागे ३.१२५ बिटकॉइन झालं, त्याआधी ते दुप्पट होतं. या कामासाठीच बनवलेलं अँटमायनर एस ९ हे २०१६ चं मशीन सेकंदाला सुमारे साडेतेरा लाख कोटी आकडे तपासतं आणि त्यासाठी साधारण १,३५० वॉट वीज खातं.

सगळी मेख या १,३५० वॉटमध्ये आहे. पाण्याचा पंप वीज खातो, पण त्यातली काही वीज पाणी वर चढवण्यात जाते. इथे काही उचललं जात नाही, काही फिरत नाही, पंखे तेवढे सोडले तर. म्हणून घेतलेला प्रत्येक वॉट शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडतो. एस ९ चालू करणं म्हणजे बंद खोलीत हजार वॉटची इस्त्री कायमची चालू ठेवणं, वर आणखी साडेतीनशे वॉट. तेव्हा गरम होणं हा त्याचा बिघाड नव्हे, तेच त्याचं काम आहे. बघायचं ते इतकंच, की ही उष्णता चिपपासून घराबाहेरच्या हवेपर्यंत जाताना वाटेत कुठे अडते.

ती कुठे अडते हे शोधायला मी दोन स्वस्त डिजिटल थर्मामीटर वापरतो, माशांच्या टाकीत लावतात ते, वायरवाले. एकाचं टोक मशीनमध्ये हवा शिरते तिथे, दुसऱ्याचं हवा बाहेर पडते तिथे. तिसरा आकडा मशीन स्वतःच दाखवतं, तो चिपचा. अर्धा तास चालू द्यायचं आणि तिन्ही आकडे कागदावर लिहायचे. आत शिरणारी हवाच चाळीसच्या वर असेल, तर मशीनला हात लावायचं कारण नाही, दोष खोलीचा आहे. आत जाणारी हवा ठीक आहे पण बाहेर पडणारी नेहमीपेक्षा फारच गरम आहे, तर हवा कमी वाहते आहे. मग पंखा, धूळ, जाळी बघायची. आणि आतल्या-बाहेरच्या हवेतला फरक नेहमीचा आहे, तरी चिप मात्र भाजते आहे, तर उष्णता चिपवरून तिच्यावर बसवलेल्या धातूच्या हीटसिंकवर नीट उतरत नाही. फक्त या तिसऱ्या वेळीच मशीन उघडायचं. माझ्याकडे येणारी बहुतेक मशीनं पहिल्या दोन गटांतच निकालात निघतात.

खोलीचं म्हणाल तर आपल्याकडे एक ठरलेली जागा आहे: माळा. भाट्याच्या पुलापलीकडे एका जांभ्याच्या घरात असाच रॅक बघायला गेलो होतो. इथेरियम खणायची सहा ग्राफिक कार्डं लोखंडी अँगलवर टांगलेली, वर कौलं, कौलांखाली प्लायवूडचं छत ठोकलेलं. खाली आवाज नको म्हणून आईने पोराला वर पाठवलेलं. माउलीचं म्हणणं बरोबरच होतं. एस ९ सारखं मशीन तर पंचाहत्तर डेसिबलच्या आसपास किंचाळतं, त्याच्याशेजारी देवाची पोथी वाचता येत नाही. पण सगळ्या घराची गरम हवा वर चढून साठते ती माळ्यावरच. त्या माळ्याला एक छोटी खिडकी होती आणि तिच्यात एक्झॉस्ट पंखा. पंखा जोरात फिरत होता, पण बाहेरून आत हवा यायला दुसरी वाटच नव्हती. शिडीच्या तोंडावरचं झाकणसुद्धा बंद. मी उदबत्ती पेटवून कार्डांसमोर धरली. धूर कार्डांत शिरला, मागून निघाला, प्लायवूडला लागून वळला आणि पुन्हा कार्डांसमोर आला. तीच हवा फिरत होती. पोरगा म्हणाला, “काका, मी चिपवर लावायची नवी पेस्ट मागवलीय.” मी म्हटलं, “पेस्ट राहू दे, आधी भिंतीला भोक पाड.”

हवा किती लागते याचा एक हिशेब मी गिऱ्हाइकाला लिहून देतो. मशीनच्या वॉटला तीनने गुणायचं आणि खोलीची हवा बाहेरच्यापेक्षा जितके अंश गरम झालेली चालेल तितक्याने भागायचं. उत्तर येतं ताशी घनमीटरमध्ये. १,३५० गुणिले तीन म्हणजे ४,०५०. दहा अंशांची सूट दिली तर तासाला ४०५ घनमीटर हवा बाहेर गेली पाहिजे आणि तितकीच आत आली पाहिजे. एक्झॉस्ट पंख्याच्या खोक्यावर हा आकडा छापलेला असतो. तो मोकळ्या हवेतला असतो, जाळी आणि झडपा लावल्या की बराच घटतो, म्हणून दुपटीचा पंखा घ्या. हवा आत येण्याची वाट खाली, जमिनीलगत आणि शक्यतो उत्तरेकडून. बाहेर जाण्याची वर आणि समोरच्या भिंतीत. मध्ये मशीन असं ठेवायचं, की त्याचं तोंड येणाऱ्या हवेकडे आणि पाठ जाणाऱ्या हवेकडे राहील. चार मशीनं असतील तर सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. एकाची पाठ दुसऱ्याच्या तोंडाकडे आली, की दुसरं पहिल्याची उष्टी हवा पितं.

एसी लावू का, असं सगळेच विचारतात. २०२० साली आलेलं एस १९ प्रो ३,२५० वॉट घेतं. एवढी उष्णता काढायला जवळजवळ अख्खा एक टनाचा एसी लागतो, आणि तोही वर हजारभर वॉट मागतो. ज्याची कमाईच विजेच्या दरावर तोललेली आहे, त्याने हे करू नये. डेझर्ट कूलर तर आपल्या किनाऱ्यावर मुळीच नको. नागपूरच्या कोरड्या उन्हात तो कामाचा, कारण पाणी तिथे झरझर उडतं आणि हवा थंड होते. रत्नागिरीच्या हवेत आधीच इतकं पाणी असतं, की कूलर थंडावा थोडा आणि ओल भरपूर देतो.

तापमानाच्या बाबतीत खरं तर आपण नशीबवान आहोत. एस ९ साठी कंपनीने ० ते ४० अंशांची हवा चालेल असं सांगितलंय. रत्नागिरीत मे महिन्यातही दुपारची हवा साधारण ३३-३४ च्या आसपास असते. चंद्रपूरकराला मे महिन्यात बाहेरची हवाच चाळिशीच्या पुढे मिळते, तो बिचारा काय करणार? आपला शत्रू दुसरा आहे, आणि तो थर्मामीटरवर दिसत नाही.

तो शत्रू म्हणजे मीठ. मांडवी, पांढरा समुद्र, मिरकरवाडा या बाजूला खिडकीचे गज कसे गंजतात ते आपण बघतोच. मशीनचा पंखा तासाला शेकडो घनमीटर हवा ओढतो, म्हणजे मीठही ओढतो, आणि त्यावर जांभ्याची तांबडी धूळ. मशीन चालू असेपर्यंत ते मीठ बोर्डावर कोरडं पडून राहतं आणि फारसं काही करत नाही. पण हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास गेली, की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. पावसाळ्यात आपल्याकडे आर्द्रता त्याच्या वर असते. आता बघा: जुलैच्या रात्री झाड तारेवर पडतं, वीज जाते, मशीन थंड होतं, बोर्डावर मिठाच्या पाण्याचा पातळ थर बसतो. सकाळी वीज येते आणि त्या ओल्या बोर्डात करंट शिरतो. मग एखादी चिप जाते, एखाद्या पिनेला हिरवं चढतं, आणि गिऱ्हाईक सांगतं, “काका, पावसात गारवा असूनही गरम झालं.”

म्हणून माझा नियम असा, की पावसाळ्यात मशीन काही तास बंद राहिलं असेल तर लगेच स्विच मारायचा नाही. हेअर ड्रायरने मध्यम गरम हवा दहा-पंधरा मिनिटं फिरवायची, मग चालू करायचं. मशीन चार महिने बंदच ठेवायचं असेल तर झाकणाच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. किंवा फोटोग्राफर मंडळी कॅमेऱ्याला बुरशी लागू नये म्हणून कपाटात छोटा बल्ब लावून ठेवत, तसं करा. बल्ब तारेचाच हवा, एलईडीला तेवढी ऊब नसते. बोर्ड धुवायचा तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश. गाडी धुतात तो प्रेशरचा पंप मारून आणलेली मशीनं मी पाहिली आहेत. धूळ गेलेली असते, आणि तिच्यासोबत चिपवरचे हीटसिंकही.

हीटसिंकवरून आठवलं. एस ९ मध्ये तीन बोर्ड असतात, प्रत्येकावर ६३ चिप, आणि चिपांवर ॲल्युमिनियमचे छोटे हीटसिंक चिकटवलेले असतात. पुढे २०१९ मध्ये आलेल्या एस १७ ची हे हीटसिंक सुटण्याबद्दल जगभर बदनामी झाली. मशीन पोस्टाने किंवा एसटीच्या पार्सलने आलं असेल तर चालू करण्याआधी दोन्ही हातांत धरून हलकेच तिरपं करा आणि कान द्या. आत काही खुळखुळलं तर वीज द्यायची नाही. सुटलेला धातूचा तुकडा दोन चिपांमध्ये आडवा पडला तर बोर्ड सेकंदात जातो. चालू झाल्यावर मशीनच्या स्टेटसच्या पानावर प्रत्येक बोर्डापुढे चिपांची ओळ दिसते. चांगल्या चिपेला ‘ओ’ आणि बिघडलेल्या चिपेला ‘एक्स’. सगळे एक्स एकाच टोकाला असतील आणि ते टोक हवा बाहेर पडण्याच्या बाजूचं असेल, तर तिथपर्यंत हवा गरम होऊनच पोचते आहे हे समजा. एक्स विखुरलेले असतील तर सोल्डर किंवा चिपेचा दोष.

पंख्याचंही एक सांगतो. या मशीनला पुढे एक आणि मागे एक असे दोन पंखे असतात, एक हवा ढकलतो, दुसरा ओढतो. एका गृहस्थांनी मागचा पंखा स्वतः बदलला आणि उलटा बसवला. दोन्ही पंखे आत फुंकत होते, फेरे दोघांचेही पूर्ण, स्क्रीनवर सगळं ठीक, आणि मशीन वीस मिनिटांत बंद. पंख्याच्या चौकटीवर हवेच्या दिशेचा बाण कोरलेला असतो, तो बघायचा. लेझरचा ठिपका मारणारा थर्मामीटर वापरत असाल तर चकचकीत ॲल्युमिनियमवर तो खोटं बोलतो, खऱ्यापेक्षा बराच कमी आकडा दाखवतो. काळी इन्सुलेशन टेप चिकटवून तिच्यावर ठिपका मारा.

ग्राफिक कार्डांचं दुखणं वेगळं. इथेरियम खणताना चिपेपेक्षा मेमरीला जास्त राबावं लागायचं. आरटीएक्स ३०८० सारख्या कार्डात मुख्य चिप साठ अंशांवर शांत, पंखेही निवांत, आणि मेमरी मात्र ११० ला पोचून स्वतःचा वेग तोडते. मालक साठचा आकडा बघून निश्चिंत असतो. असं कार्ड उघडलं, की मेमरीवरचे थर्मल पॅड हाताळताच चुरतात. त्यांतलं सिलिकॉनचं तेल सुटून भोवतीच्या बोर्डावर चिकट कडा झालेली असते आणि तिच्यावर धूळ बसलेली. मुख्य चिपवरची पेस्ट मधून कडांकडे ढकलली गेलेली असते. सगळं पुसून नवी पेस्ट आणि नवे पॅड लावायचे, पण पॅडची जाडी बरोबर हवी. दबलेल्या भागावर व्हर्नियर लावलात तर कमी भरेल, म्हणून न दबलेल्या कडेवर मोजा. अर्धा मिलिमीटर जास्त जाड पॅड घातला तर मेमरी गार होईल, पण हीटसिंक मुख्य चिपेपासून उचलला जाईल, आणि मग कार्ड मिनिटभरात उकळतं. स्क्रू एकदम एका बाजूने आवळू नका, कोपऱ्याला कोपरा असे थोडेथोडे आवळा. आणि हे सगळं करण्याआधी सॉफ्टवेअरमधून विजेची मर्यादा सत्तर-ऐंशी टक्क्यांवर आणून बघा. बरीच कार्डं एवढ्यानेच सुधारतात.

मिरकरवाड्याचे एक तांडेल वायरलेस दुरुस्तीला घेऊन आले होते, त्यांनी बाकड्यावरचं एस ९ बघून विचारलं, “ह्याला पाणी का नाही लावत?” प्रश्न अडाणी नव्हता. ट्रॉलरच्या इंजिनात गोडं पाणी आत फिरतं, ते गरम झालं की नळ्यांच्या कुलरमध्ये जातं, आणि त्या नळ्यांना समुद्राचं पाणी थंड करतं. खारं पाणी इंजिनाला थेट शिवत नाही. परदेशातल्या मोठ्या मायनिंग कंपन्या अगदी हेच करतात. पंखे काढून मशीन वीज न वाहणाऱ्या खास तेलात बुडवतात आणि तेलाची उष्णता रेडिएटरमधून बाहेर काढतात. खाऱ्या हवेवर याच्याइतका चांगला उपाय नाही. पण टाकी, तेल, पंप, रेडिएटर हा खर्च एका-दोन मशीनसाठी वसूल व्हायचा नाही. साधं तेल ओतून प्रयोग करू नका, केबलचं प्लॅस्टिक फुगतं किंवा कडक होतं आणि आगीचा धोका वेगळाच.

आगीवरून वायरिंग. एस १९ प्रो २३० व्होल्टवर सतत चौदा अँपिअर ओढतं. घरातला सोळा अँपिअरचा सॉकेट गिझरसाठी असतो, अर्ध्या तासासाठी, चोवीस तासांसाठी नव्हे. संध्याकाळी व्होल्टेज पडलं तर करंट आणखी वाढतो. सॉकेट पिवळा पडलाय का, पिन काढल्यावर काळी आहे का, हे मी मशीनआधी बघतो. महावितरणकडे तुमचा मंजूर भार किती आहे तेही बिलावर बघा. घरगुती जोडणीवर धंदा चालवल्याचं निघालं, तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते.

आता पैशाचं. एस ९ दिवसाला साधारण ३२ युनिट खातं. युनिटला दहा रुपये धरले तर ३२० रुपये. जगभरच्या मशीनांचा आकडे तपासण्याचा एकूण वेग ६०० एक्साहॅश आणि एक बिटकॉइन ८० लाखांचा धरला, तर ते दिवसाला ८० रुपयांच्या आसपास मिळवतं. १ एप्रिल २०२२ पासून अशा उत्पन्नावर ३० टक्के कर आहे, आणि त्यातून विजेचं बिल वजा करता येत नाही. इथेरियमचं खणणं तर १५ सप्टेंबर २०२२ ला कायमचं बंद झालं, म्हणून त्या वेळची ढीगभर कार्डं बाजारात आली. २०१८ मध्ये जिच्या प्रमुखाला पुणे पोलिसांनी अटक केली, त्या गेनबिटकॉइन या गुंतवणूक योजनेने महिन्याला दहा टक्के परतावा देऊ केला होता. तिथे गुंतवणूकदाराच्या घरात तापायला मशीनच नव्हतं. ज्याच्या घरात खरं मशीन आहे, त्याला निदान मीटर बघून हिशेब करता येतो.

म्हणून मी गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतो: एस ९ ची दुरुस्ती मी करून देईन, पण चालवायला नको. शिकायला हवं असेल तर ठेवा. एस १९ किंवा पुढचं असेल तर हवेची वाट आधी बांधा, मग प्लग लावा. जुनं ग्राफिक कार्ड खेळासाठी किंवा व्हिडिओ एडिटिंगसाठी घेत असाल, तर पैसे देण्याआधी विकणाऱ्यासमोर अर्धा तास पूर्ण लोडवर चालवा. मेमरीचं तापमान दाखवणारं कार्ड असेल तर तो आकडा बघा. शंभरच्या पुढे गेला, तर पॅड आणि पेस्टचा खर्च किमतीतून वजा करून मागा. मागची पट्टी उघडून स्क्रू गंजले आहेत का तेही बघा. गंजले असतील तर ते कार्ड समुद्राकाठी राबलेलं आहे, ते घेऊ नका.